चार क्रेडिटचा संवाद

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणायला हवं होतं. नेहमीसारखंच म्हटलं नाही.

भोईर सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं – "‘व्यवसाय संवाद’चा नवीन सिलॅबस मांडवकर मॅडम करतील." विचारलं नाही, सांगितलं! कॉलेज स्वायत्त झालंय. पुढच्या वर्षापासून आमचेच अभ्यासक्रम, आमच्याच परीक्षा. हा विषय एफवाय बीकॉमच्या प्रत्येक मुलाला घ्यावाच लागणार, चार क्रेडिटचा. डिपार्टमेंटला कायम नोकरीवाले तिघं आहेत, भोईर सर तर हेड. पण करणार कोण? मी! तासिका तत्त्वावरची. दर जूनला नवीन ऑर्डर, आली तर आली.

घरी निकेत म्हणाला, "तास घ्यायचे एवढंच तुझं काम ना? सिलॅबस बनवायचं ऑर्डरमध्ये लिहिलंय का?"

नाही लिहिलेलं. पण ऑर्डर काढायची शिफारस हेडच करतात, हे नवऱ्याला किती वेळा सांगायचं.

६ मार्च, गुरुवार

प्रिन्सिपल हंसा मॅडमनी बोलावलं. चहा पाजला म्हणजे काम मोठं. "हे बघा मांडवकर, दोन शब्द पाहिजे म्हणजे पाहिजेच. इनक्लुझिव्ह. स्टुडंट-सेंटर्ड. उद्दिष्टांमध्ये पण टाका, शेवटी आउटकममध्ये पण टाका. कमिटी आली की तेच शोधते."

मी विचारलं, "शब्द पाहिजेत की तसा कोर्स पाहिजे?"

हसल्या. "अरे, आधी शब्द तर टाका!"

आमच्या कॉलेजला लिफ्ट आहे, ती स्टाफसाठी. रॅम्प आहे, त्याच्यावर पाण्याचे जार ठेवलेत. आणि सिलॅबसमध्ये इनक्लुझिव्ह!

१० मार्च, सोमवार

पहिला मसुदा घेऊन भोईर सरांकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतले, टेबलावर ठेवले, वर पेपरवेट ठेवला. म्हणाले, "वाचा."

मी त्यांच्याच टेबलावरून कागद परत उचलून त्यांनाच वाचून दाखवतेय! दुसरीच्या वर्गात उभं केल्यासारखं. डोळे मिटून ऐकत होते. मध्येच "हं". दुसऱ्या मोड्यूलपर्यंत पोचले नाही तोच थांबवलं.

"हे सगळं कशाला? जुना आहे तोच ठेवा. मोड्यूलची नावं बदला. पहिलं – संवादाचे प्रकार. दुसरं – व्यापारी पत्रलेखन, चौकशीचं पत्र, ऑर्डरचं पत्र, तक्रारीचं पत्र. तिसरं..." धडाधडा म्हणत गेले. पाठ आहे माणसाला, पोटमुद्द्यांसकट!

"सर, चौकशीचं पत्र आता कोण लिहितं? सगळं मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं."

"पत्र आलं की मेल येतोच."

विषय संपला. हे कागदाकडे बघतसुद्धा नाहीत. माझ्या अख्ख्या शनिवार-रविवारावर पेपरवेट.

१२ मार्च, बुधवार

स्टुडंट-सेंटर्ड करायचं तर स्टुडंटला विचारायला नको? यंदाच्या एफवायच्या वर्गात तास बाजूला ठेवला आणि विचारलं – "हा विषय तुम्ही बनवला असता तर कसा बनवला असता?"

 मग निहार मागून, "मॅडम, हे एक्झाममध्ये येणार आहे का?" सगळे हसले. मीपण.

एकदा तोंडं उघडल्यावर मात्र थांबेनात. "प्रेझेंटेशन नको मॅडम, इंग्लिश चुकलं की हसतात." "हिंदीत बोललं तर मार्क कटणार का?" नया नगरहून येणारी एक मुलगी, कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मेरे को बोलने में डर नहीं लगता, लिखने में लगता है." तिच्या शेजारचीचं बरोब्बर उलटं. एकाला दुकानात बसून हिशोबाचे फोन घ्यावे लागतात, त्याला हवंय – चिडलेल्या गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं. पत्रलेखन कोणालाही नको. एकालाही!

पिंकी पहिल्या बाकावर. तिला दिसत नाही, नववीत असल्यापासून. फोनमधलं वाचणारं सॉफ्टवेअर कानात लावून अख्खा अभ्यास करते. ती म्हणाली, "मॅडम, मला फक्त नोट्स वाचता येतील अशा द्या. बाकी मी बघून घेते."

‘बघून घेते.’ वर्गात कोणाला काही वाटलं नाही. तिलाही नाही.

खूप बरं वाटलं आज. असा तास कितीतरी दिवसांनी.

१७ मार्च, सोमवार

चिडले आहे. स्वतःवर.

पिंकीसाठी खास कलम लिहिलं होतं. ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्रेझेंटेशनऐवजी पर्यायी मूल्यमापन.’ किती अभिमान वाटत होता! तिला कँटीनबाहेर गाठून वाचून दाखवलं. तिचा समोसा खाऊन झाला, हात पुसले, मग म्हणाली –

"मॅडम, राग नका मानू. माझ्यासाठी वेगळं नको."

"अगं पण हा तुझा हक्क आहे."

"हक्क आहे हो. पण मग वेगळी खोली येते. वेगळा पेपर येतो. मार्क चांगले पडले की सगळे बोलतात, हिला काय, असेच देतात. दहावीपासून ऐकतेय." मग जरा वेळाने, "पर्याय द्यायचा तर सगळ्यांना द्या ना. ज्याला बोलायचंय तो बोलेल. ज्याला लिहायचंय तो लिहील. मी तर बोलणारच! मला प्रेझेंटेशन आवडतं."

मी तिला विचारलंच नव्हतं की तिला काय आवडतं.

घरी येऊन कलम खोडलं. नवीन लिहिलं – अंतर्गत चाळीस मार्कांसाठी प्रत्येक विद्यार्थी तीनपैकी एक मार्ग निवडेल. बोलून, लिहून, नाहीतर एखादं काम प्रत्यक्ष करून, म्हणजे खऱ्या दुकानाची, सोसायटीची, ऑफिसची एक संवादाची अडचण सोडवून. निकष तिन्हींना एकच. भाषेच्या अचूकतेला मार्क कमी, मुद्दा पोचण्याला जास्त. आणि सर्वांसाठी – सगळं वाचनसाहित्य टाईप केलेलं, फोनला वाचता येईल असं. फोटो काढलेली पानं चालणार नाहीत.

आता हा कोर्स वाटतोय. ‘इनक्लुझिव्ह’ शब्द एकदाच आलाय, तोही काढीन म्हणते.

२० मार्च, गुरुवार

माणूस आहे की भिंत!

पुन्हा तेच. कागद टेबलावर, "वाचा", डोळे बंद. तीन मार्गांपर्यंत आले आणि सर ताडकन सरळ बसले.

"एवढ्या मुलांची एवढी वेगवेगळी कामं तपासणार कोण? एकसारखा पेपर असला की एका नजरेत कळतं."

"मी तपासेन."

"तुम्ही आहात आज. उद्या कोणाच्या गळ्यात पडेल? आणि हे टाईप केलेल्या नोट्सचं काय काढलंय? माझ्या नोट्स वर्षानुवर्षं चालतायत. कोणाची तक्रार नाही."

सरांच्या नोट्स म्हणजे त्यांनी तरुणपणी हाताने लिहिलेली पानं. अक्षर मोत्यासारखं, मान्य. पण त्याचे स्कॅन, स्कॅनच्या झेरॉक्स, झेरॉक्सचे पुन्हा फोटो!

"पिंकीची तक्रार आहे, सर. तिचा फोन फोटो वाचत नाही."

"तिला कोणीतरी वाचून दाखवेल. वाचून दाखवायला माणसं असतात."

असं म्हणाले! वाचून दाखवायला माणसं असतात! मी समोर उभी, हातात कागद, त्यांनाच ऐकवून घसा सुकलेला. दार आपटून बाहेर पडले. म्हणजे आपटणार होते. दाराला वरती ते तेलाचं यंत्र लावलंय, आपटतच नाही. हळूच बंद झालं मेलं.

२१ मार्च, शुक्रवार

निकेतला सांगितलं, सोडून देते. म्हणाला, "दे." त्याने अडवायला हवं होतं.

२६ मार्च, बुधवार

काहीतरीच ऐकलं आज. खरं की खोटं कळत नाही.

पिंकीला जिन्यापर्यंत सोडत होते. ती काठी उघडता उघडता म्हणाली, "मॅडम, भोईर सरांना दिसत नाही ना?"

मी हसले. "अगं, चष्मा आहे त्यांना. दिसतं की!"

"मग ते भिंतीला हात लावून का चालतात? मला आवाज येतो ना, बोटांचा. आणि जिना उतरताना थांबतात, पहिली पायरी पायाने शोधतात. मी पण तसंच करते. सुरुवातीला तर सेम असंच करायचे, कोणाला कळू नये म्हणून."

"तुझा गैरसमज झाला असेल."

"असेल," म्हणाली. पण तशी म्हणाली नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काल आणि आज सरांकडे बघत राहिले. चोरून.

कॉरिडॉरमध्ये मध्यातून चालतच नाहीत. मुलांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं की आवाजाच्या दिशेला मान वळते, पण जराशी चुकते. हजेरीपट शिपाई सदू भरतो, सर नुसते नावं ऐकतात. हिशेबाचा तास घेतात तेव्हा फळ्यावर रकाने सरळ येतात – सवयीने येत असणार – पण आज एका मुलीने बोर्डासमोर बॅग ठेवली होती, त्यांचा पाय अडला. तिच्यावर केवढ्यांदा ओरडले! पोरगी रडली.

खडूस म्हणून आम्ही सोडून देत होतो. मीच नाव ठेवलं होतं, भिंत!

आणि तरी राग जात नाही. दिसत नसेल म्हणून दुसऱ्याला फोटोच्या नोट्स द्यायच्या? उलट त्यांना तर कळायला हवं!

५ एप्रिल, शनिवार

गेले. सही हवी होती, निमित्त तेच. अभ्यास मंडळाची मीटिंग बावीसला, त्याच्या आधी हेडची सही लागते.

सरांचं घर खारी गावात. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये ही बैठी घरं, दारात अजून तुळस आणि बाईक. रिक्षावाल्याला गाव माहीत नव्हतं, त्याला टॉवरचं नाव सांगितल्यावर कळलं. सरांच्या मिसेसनी दार उघडलं. "ये गो बाय, बस. ते हाईत आत." पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आधीच हळू आवाजात, "कॉलेजात समजलां का? मी कवाशी सांगतंय, सांगून टाका. ऐकत न्हाय."

म्हणजे खरं.

सर बाहेर आले. घरात भिंतीला हात लावत नव्हते. घर पाठ आहे त्यांना. खुर्चीवर बसले. मी कागद पुढे केलेच नाहीत. म्हणाले, "वाचा."

"सर, आज नको वाचायला."

 बाहेर पोरांची क्रिकेटची बोंबाबोंब. मग सर स्वतःच बोलले. काचबिंदू. दोन्ही डोळे. कडेचं आधी गेलं, मग मधलं धूसर. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. "कागदावर काहीतरी काळं आहे एवढं दिसतं. काय आहे ते नाही दिसत."

"किती दिवस, सर?"

"दिवस!" हसले. "या गावातून पहिला प्रोफेसर झालो मी. वडील मिठागरावर कामाला. लोक अजून पोरांना माझ्याकडे पाठवतात, भोईर सरांसारखा हो म्हणतात. आणि मी काय सांगू? की सरांना पाटी वाचता येत नाही?"

मी कायदा सांगितला. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, झेपेल असं काम द्यावं लागतं. मला वाटलं, ही मोठी बातमी देतेय.

"कायदा मला माहितीय, मॅडम. लोक त्याहून जास्त माहितीयत. काढणार नाहीत. कोपऱ्यात खुर्ची देतील. ‘बसा सर.’ मला ते नकोय." मग आवाज बदलला. हेडचा झाला. "कोणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि तुमचा तो कोर्स... जुना मला पाठ आहे. नवा मी कुठून पाठ करू? तीन तऱ्हेची कामं पोरं आणून देतील, ती मी कशी तपासणार? तुम्हाला वाटलं, म्हातारा आडमुठा आहे."

हो, वाटलं होतं. आता काय वाटतंय ते कळत नाही. मिसेसनी बोंबलाची चटणी बांधून दिली. सही राहिलीच.

७ एप्रिल, सोमवार

वाईट विचार आला, तो इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहू? हंसा मॅडमना जाऊन सांगितलं तर हेड बदलेल, सही दुपारच्या आत मिळेल. कोर्स चांगला आहे. मुलांसाठी आहे. मुलांच्या भल्यासाठी म्हणून...

त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले होते. परत फिरले. 

९ एप्रिल, बुधवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज असा की सदूने चहाचा ट्रे घेऊन यायचं टाळलं.

"तुम्ही त्या मुलीला सांगितलंत!"

"कोणाला?"

पिंकी आत बसली होती! मला दिसलीच नाही दाराआड. तीच बोलली. "मॅडमनी नाही सांगितलं, सर. मीच त्यांना सांगितलं. मला तर जूनपासून माहितीय."

सरांच्या चेहऱ्यावरचं ते मी कधी विसरणार नाही. राग होता, मग राग कुठे ठेवायचा तेच कळेना.

"काय माहितीय तुला?"

"सर, तुम्ही जिन्याला कठडा उजव्या हाताने धरता ना, तो मधे तुटलाय तिथे तुम्ही थांबता. मी डावीकडून जाते. तिकडे अख्खा आहे. तेवढंच सांगायला आले होते." मग जरा भीतभीत, "आणि फोनचं पण. शिकवू का? सोपंय."

मला वाटलं, आता हाकलून देतील. सर काहीच बोलले नाहीत. तिने ते हो धरलं.

त्यांच्या फोनमध्ये बोलणारं सेटिंग चालू केलं. बाई बोलायला लागली, मराठीत, जरा रडक्या सुरात. सर दचकले. पिंकीने त्यांचं बोट धरून स्क्रीनवर फिरवलं. "एकदा टच केलं की काय आहे ते सांगते. दोनदा केलं की उघडते."  मुलाचा मेसेज आला होता, तो बाईने वाचला. ‘बाबा जेवलात का.’ सरांनी तो पुन्हा वाचायला लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग सर म्हणाले, "माझ्या नोट्स उघड." तेवढ्यात मला कळलं काय होणार. पिंकीलाही कळलं, तिने हात मागे घेतला. "राहू दे सर, त्या नंतर..."

"उघड."

उघडल्या. बाई म्हणाली – "पान एक. चित्र. पान दोन. चित्र. पान तीन. चित्र."

सर ऐकत राहिले. थांबवलं नाही. बाई शेवटच्या पानापर्यंत चित्र चित्र म्हणत गेली.

"तुला वर्षभर हेच ऐकू येत होतं?"

पिंकी म्हणाली, "हो सर. मग आई वाचून दाखवायची. आईला इंग्लिश येत नाही, ती एकेक अक्षर सांगायची."

सरांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "मॅडम, तो कागद द्या. कुठे सही करायची तिथे माझं बोट ठेवा."

१५ एप्रिल, मंगळवार

पिंकी आणि मी मिळून सरांच्या नोट्स टाईप करतोय. मी वाचते, ती टाईप करते. माझ्याहून फास्ट! मध्येच म्हणते, "मॅडम, सरांनी हे खरंच चांगलं लिहिलंय." लिहिलंय. तक्रारीच्या पत्राबद्दल एक परिच्छेद आहे – समोरच्याला खाली न पाडता चूक कशी दाखवायची. हे मी माझ्या कोर्सात घेतलं. तक्रार पत्राने करा नाहीतर फोनवर, गोष्ट तीच.

सरांनी एकच बदल सुचवला. ‘विद्यार्थी निवडेल’च्या पुढे ‘आणि का निवडलं ते सांगेल’. बरोबर आहे. नाहीतर सगळे सोपं तेच घेणार. मला सुचलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

अभ्यास मंडळाची मीटिंग. डोकं दुखतंय पण लिहायलाच हवं.

तिसऱ्या मजल्यावरचा एसी बंद. विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ सर पहिल्या पानालाच अडले. "तीन मार्ग? मग मुलांची तुलना कशी करणार? बोलणाऱ्याचे अठ्ठावीस आणि लिहिणाऱ्याचे अठ्ठावीस सारखे कसे?" मी निकष दाखवले. ते म्हणाले, "कागदावर ठीक आहे." उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी म्हणून दिपेशभाई, भाईंदर ईस्टला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. ते फोन बाजूला ठेवून म्हणाले, "सर, मने तो एवढंच पाहिजे, छोकरा पार्टीशी नीट बोलला पाहिजे. माझ्याकडे फर्स्ट क्लासवाला आहे, पार्टीचा फोन आला की बाथरूममध्ये जातो!" सगळे हसले, पण तज्ज्ञ हलेनात. "पुढच्या वर्षी बघू. यंदा जुनाच चालू ठेवा. भोईर सर, तुम्ही अनुभवी आहात. तुमचं काय मत?"

गेलं, म्हटलं मनात.

सर उभे राहिले. बसूनच बोलायची पद्धत आहे तिथे.

"मला हा अभ्यासक्रम वाचता आला नाही," म्हणाले. "मला दिसत नाही. काचबिंदू आहे. गेली काही वर्षं मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलंय. परवा फोनने मला हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. दोनदा ऐकला. इतक्या वर्षांत मी लोकांच्या मेहेरबानीशिवाय वाचलेला हा पहिला सिलॅबस. तुलनेचं म्हणाल तर – मी आणि तुम्ही, दोघं प्राध्यापक. मी ऐकून काम करतो, तुम्ही बघून. आपली तुलना कशी करता?"

एसी बंद होता तरी इतकं गार!

हंसा मॅडमचं पेन खाली पडलं. कोणी उचललं नाही.

पास झाला. तीन मार्ग पास, टाईप केलेलं साहित्य पास. हिंदी-गुजराती-उर्दूतून बोलायची मुभा मात्र उडवली – "मराठी किंवा इंग्रजी पुरे." मी भांडले. हरले. नया नगरच्या त्या मुलीला काय सांगू, माहीत नाही. म्हणजे सगळं जिंकलो असं नाहीच. पण सर जिन्याने उतरताना डावीकडून गेले. सगळ्यांसमोर, कठडा धरून, सावकाश.

३ मे, शनिवार

वरच्या परिषदेनेही मंजूर केला. कोर्सवर ‘तयार करणारे – वाणिज्य विभाग’. माझं नाव नाही. निकेत म्हणाला, "फोटो फ्रेम करून लावू या का, नाव नसलेलं पान?" मग स्वतःच आइस्क्रीम आणलं.

हंसा मॅडमनी वर्तमानपत्रात बातमी दिली, बातमीत ‘इनक्लुझिव्ह’ चार वेळा. रॅम्पवरचे जार हलवलेत, हे खरं. जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेत. डावीकडे! सदूला सांगून तिथून काढायला लावले.

५ जून, गुरुवार

पहिल्या तासाची तयारी. नावं विचारायची नाहीत, प्रत्येकाने शेजारच्याची ओळख करून द्यायची, हवी त्या पद्धतीने. चित्र काढून दिली तरी चालेल, मग चित्र शब्दांत सांगायचं. पिंकीला फोन केला, ती आता एसवायला. म्हणाली, "मॅडम, मी पुन्हा एफवायला बसू का?"

कितीतरी वर्षांनी जूनची वाट बघतेय.

१३ जून, शुक्रवार

टाइमटेबल लागलं. ‘व्यवसाय संवाद’ – सगळ्या तुकड्या – भोईर.

हंसा मॅडम म्हणाल्या, "सरांना फळ्यावरचे विषय आता देता येत नाहीत. हा एकच त्यांना पूर्ण जमतो, तुम्हीच तर तसा बनवलात! कायम माणसाचे तास आधी भरायचे, मांडवकर, नियम आहे. यंदा तुमची ऑर्डर..." पुढचं ऐकलं नाही.

संध्याकाळी सरांचा फोन. आवाजात एवढा उत्साह कधी ऐकला नव्हता. "मॅडम, तुम्हाला दुसरे तास दिलेत म्हणे. खरं ना?"

मी म्हटलं, "हो, सर."

"मग सांगा, पहिल्या तासाला काय करायचं?"

सांगितलं.